अकोल्याच्या कमिशनरची शंका

१८६७ साली पश्चिम वऱ्हाडचा कमिशनर म्हणून आल्फ्रेड कोमिन लायल अकोल्याला आला, तेव्हा त्याचे वय ३२ होते. निजामाशी १८५३ मध्ये झालेल्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला होता. पूर्व भागाचा कारभार अमरावतीतून चाले, पश्चिम भागाचा अकोल्यातून. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला सोन्याचा भाव आणून पुन्हा खाली आपटला होता. आगगाडी त्याच वर्षी वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली होती. नोव्हेंबरात वऱ्हाडची शिरगणती झाली आणि प्रांताची वस्ती सुमारे २२ लाख भरली. जमाबंदी, कज्जे, रस्ते, रुईचे बाजार एवढे सगळे कमिशनरच्या टेबलावर होते. या कमिशनरला मात्र त्यापलीकडचा एक नाद होता. देव कसे घडतात, हे त्याला पाहायचे होते.

लायलचा बाप इंग्लंडातल्या चर्चचा पाद्री होता आणि तत्त्वज्ञानावर लिहीतही असे. मुलगा ईटन आणि हेलिबरीत शिकून १८५६ च्या आरंभी हिंदुस्थानात आला. बुलंदशहरला नेमणूक होऊन वर्ष-दीड वर्ष झाले असेल नसेल, तोच उठाव झाला आणि हा तरुण मुलकी अधिकारी घोड्यावर बसून लढाईत उतरला. पुढे मध्य प्रांतात होशंगाबादला काही काळ काढून तो वऱ्हाडात आला. सोबत आणलेल्या सामानात एक वस्तू अशी होती की जी त्याच्या बापाच्या घरी चालली नसती. ती म्हणजे बायबलाविषयीची शंका.

घरातली पडझड

ही शंका एकट्या लायलची नव्हती, त्याच्या अख्ख्या पिढीची होती. इंग्रजी बायबलाच्या समासात जगाच्या उत्पत्तीचे साल इसवी सनापूर्वी ४००४ असे छापलेले असे. आयर्लंडचा आर्चबिशप अशर याने सतराव्या शतकात ते हिशेब करून काढले होते. भूगर्भशास्त्रज्ञांनी खडकांचे थर वाचायला घेतले आणि तो हिशेब कोसळला. १८३५ साली जर्मनीत डेव्हिड फ्रीड्रिख श्ट्राउसने येशूचे चरित्र लिहून शुभवर्तमानांतल्या कथा या भक्तांच्या कल्पनेतून वाढलेल्या पुराणकथा आहेत, असे मांडले. १८६० मध्ये इंग्लंडातल्या सात लेखकांनी, त्यांतले सहा तर पाद्रीच, बायबल इतर ग्रंथांसारखे चिकित्सेने वाचावे असे म्हणणारा निबंधसंग्रह काढला आणि गदारोळ उडाला. १८६२ पासून आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताचा बिशप कोलेन्सो मोशेच्या ग्रंथांतले आकडे तपासून ते जमत नाहीत असे छापू लागला. त्याच्या मनात हा किडा सोडला होता एका झुलू माणसाने. जलप्रलयाची गोष्ट भाषांतरित करताना त्याने बिशपलाच विचारले होते, हे सगळे खरोखर घडले का? १८६३ मध्ये फ्रेंच पंडित रनाँचे येशूचरित्र फ्रान्समध्ये हातोहात खपले.

या चिकित्सेत तारखांचा प्रश्न फार जिव्हारी लागणारा होता. मत्तय सांगतो की येशू हेरोद राजाच्या हयातीत जन्मला. हेरोद वारला इसवी सनापूर्वी ४ मध्ये. लूक सांगतो की सीरियाचा सुभेदार क्विरिनियस याच्या शिरगणतीच्या वेळी योसेफ आपल्या पूर्वजांच्या गावी बेथलेहेमला गेला आणि तिथे बाळ जन्मले. ती शिरगणती झाली इसवी सन ६ मध्ये. दोन साक्षींत किमान नऊ वर्षांचे अंतर! शिवाय ज्याने वऱ्हाडात १८६७ ची शिरगणती घरोघर फिरून केली, त्या अकोल्याच्या कारकुनाला लुकाच्या कथेतली दुसरी अडचणही चटकन कळली असती. सरकारला माणसे मोजायची असतात ती राहत्या घरी. हजार वर्षांपूर्वीच्या पूर्वजाच्या गावाला सगळ्यांना धाडले, तर मोजणी होणार नाही, गोंधळ होईल.

आणि २५ डिसेंबर? चारही शुभवर्तमानांत येशूच्या जन्माचा दिवस नाही, महिनाही नाही. रोममध्ये हा सण २५ डिसेंबरला पाळल्याची जुनी नोंद मिळते ती चौथ्या शतकातली, ३५४ साली तयार झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात. रोमन कालगणनेत हाच दिवस दक्षिणायन संपण्याचा मानला जाई आणि सम्राट ऑरेलियनने २७४ साली ‘अजिंक्य सूर्या’चे मंदिर उभारून त्या देवतेला राजाश्रय दिला होता. सूर्याच्या सणावर ख्रिस्ताचा सण बेतला, असे पुष्कळ अभ्यासक म्हणतात. दुसरे म्हणतात की ख्रिस्ताचा गर्भधारणेचा दिवस २५ मार्च धरून त्यापुढे नऊ महिने मोजले गेले. कोणतेही मत धरले, तरी तारीख ग्रंथातून आलेली नाही, माणसांनी ठरवलेली आहे, एवढे नक्की. वधस्तंभाच्या दिवसाबाबतही ग्रंथांत एकमत नाही. पहिल्या तीन शुभवर्तमानांप्रमाणे येशूचे शेवटचे भोजन हे ज्यूंच्या वल्हांडण सणाचे भोजन होते. योहानाप्रमाणे वल्हांडणाचे भोजन व्हायच्या आधीच येशूला खिळले गेले.

लायल या वादात जाहीरपणे उतरला नाही. पाद्र्याचा मुलगा, त्यात सरकारी अधिकारी. त्याची शंका बाहेर आली ती कवितेतून. १८६८ मध्ये, म्हणजे अकोल्याला असतानाच, लंडनच्या ‘कॉर्नहिल मॅगझिन’मध्ये त्याची एक दीर्घ कविता छापली गेली. १८५७ च्या जून महिन्यात बंडवाल्यांच्या हाती सापडलेला एक इंग्रज त्यात स्वतःशी बोलतो आहे. कलमा म्हटला तर जीव वाचेल. त्याचा ख्रिस्तावर विश्वास नाही, मेल्यावर स्वर्ग मिळेल अशी आशा नाही, त्याचे मरण कुणाला कळणारही नाही. तरी तो कलमा म्हणत नाही. कारण धर्म नव्हे, आपल्या जातीचा आब. श्रद्धा गेल्यावर इंग्रज माणसाच्या हाती काय उरते, याचा हा हिशेब वऱ्हाडातल्या बंगल्यातून विलायतेला गेला होता.

देव घडताना

सरकारसाठी लायलने वऱ्हाडचे गॅझेटियर तयार केले. ते १८७० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासाठी गावोगावची देवस्थाने, जत्रा, जाती, पंथ यांची माहिती गोळा झाली होती. त्या माहितीवर विचार करून त्याने १८७२ मध्ये ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’त एक निबंध लिहिला. एका हिंदी प्रांताचा धर्म हा त्याचा विषय, आणि तो प्रांत म्हणजे वऱ्हाड. हिंदू धर्म पोथ्यांतून समजून घेण्याची युरोपीय पंडितांची रीत त्याने बाजूला ठेवली. वऱ्हाडातला कुणबी प्रत्यक्षात कशाला हात जोडतो, याची त्याने प्रतवारी लावली. दगड, झाड, जनावर, हत्यार-अवजार, भूत, मेलेला नातलग, नाव कमावलेला मृत पुरुष, स्थानिक अवतार, आणि शेवटी शिव-विष्णू. ही शिडी खालून वर जाते, असे त्याचे म्हणणे.

निबंधाचा कणा आहे तो मृत माणसाचा देव कसा होतो याच्या वर्णनात. एखादा साधू किंवा शूर किंवा अपघाताने मेलेला माणूस असतो. त्याच्या जागेवर चौथरा होतो. कुणाचा नवस फळतो, बोलबाला होतो. घरचे लोक किंवा शिष्य जागेची देखभाल करू लागतात, उत्पन्न सुरू होते. दोन-तीन पिढ्या गेल्या की माणसाचे खरे चरित्र धूसर होते आणि जन्म-मरणाभोवती चमत्कार जमतात. मग तो कुणाचा तरी अवतार ठरतो आणि थोरल्या देवांच्या पंगतीत बसतो. हे सगळे पुराणकाळात घडले नाही, इंग्रजी अमलात, तहसील कचेरीपासून कोसभर अंतरावर घडते आहे, हा लायलचा मुद्दा.

त्या काळी पुराणकथांचा उगम सांगण्याची मक्तेदारी ऑक्सफर्डच्या माक्स म्युलरकडे होती. सूर्य, उषा, मेघ यांची काव्यमय वर्णने मागे पडली, शब्दांचे मूळ अर्थ विसरले गेले, आणि त्यातून देवांच्या कथा झाल्या, असे तो सांगे. लायलने त्याला वऱ्हाडचे उत्तर दिले. तुमचा सिद्धांत जुन्या शब्दांवर उभा आहे, इकडे आमच्या डोळ्यांदेखत हाडामांसाच्या माणसांचे देव होत आहेत. पुढे १८७३ च्या डिसेंबरात म्युलरने वेस्टमिन्स्टर ॲबीत व्याख्यान देऊन, धर्मप्रसार करणारे धर्म तेवढे जिवंत आणि ब्राह्मणी धर्म मेलेला, असे सुचवले. त्यालाही लायलने लेखातून विरोध केला. वऱ्हाड-मध्य प्रांतातल्या रानांतल्या जमाती, त्यांचे देव, त्यांचे आचार हळूहळू हिंदू चौकटीत सामावले जाताना त्याने पाहिले होते. गाजावाजा न करता वाढणारा हा धर्म त्याला मेलेला दिसत नव्हता.

या निबंधांत लायल पुन्हा पुन्हा एक तुलना करतो. ख्रिस्ती धर्म पसरण्याआधीचे रोमन साम्राज्य कसे असेल, हे पाहायचे तर आजचा हिंदुस्थान पाहा. असंख्य देव, असंख्य पंथ, वर एकच परकी-पण-शांत सत्ता, आणि त्या शांततेत जुन्या श्रद्धा विरघळण्याची शक्यता. त्या काळच्या इंग्रज वाचकाला यातला रोख कळायला फार डोके चालवावे लागले नसेल. ज्या मातीत वऱ्हाडी साधूचा अवतार होतो, तसल्याच मातीत, तसल्याच लोकांत, एका ज्यू उपदेशकाच्या जन्मकथाही वाढल्या असतील की काय? लायल त्या दारापर्यंत वाचकाला आणून सोडतो.

किनाऱ्यावरची आणि ऋद्धिपुरातली चिकित्सा

लायल जे कुजबुजत होता, ते मराठी माणसे मुंबईच्या किनाऱ्यावर केव्हाच मोठ्याने बोलून चुकली होती. १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांनी स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सनशी मुंबईत सभेत वाद घातला आणि ‘हिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक छापले. विल्सनने उत्तरादाखल १८३२ मध्ये हिंदू धर्माचे वाभाडे काढणारे पुस्तक लिहिले. १८५७ च्या पूर्वार्धात विष्णुबुवा ब्रह्मचारी चौपाटीवर पाद्र्यांना सवाल करीत होते, आणि ते वाद अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यानेच इंग्रजीत संपादून छापले. पुराणांतले चमत्कार भाकड म्हणता, तर बायबलातल्या चमत्कारांना वेगळा न्याय का, हा या सगळ्या वादांचा गाभा होता. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी बायबलावर टीका करणारा टॉमस पेन वाचला. मिशनऱ्यांच्या शाळांचे ऋण मानूनही ते ख्रिस्ती झाले नाहीत. १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात त्यांनी सगळ्याच धर्मग्रंथांना एका रांगेत उभे केले. बायकोने बौद्ध व्हावे, नवऱ्याने ख्रिस्ती, मुलीने मुसलमान, मुलाने सत्यधर्मी, आणि सगळ्यांनी एका घरात गोडीने राहावे, इथपर्यंत ते गेले.

दांडेकर-विष्णुबुवांना आपला धर्म राखायचा होता. फुल्यांना माणूस मोकळा करायचा होता. लायलला दोन्ही नको होते, त्याला समजून घ्यायचे होते आणि राज्यही चालवायचे होते. पण तिघांच्या हातातली मोजपट्टी एकच होती. एकदा ती दुसऱ्याच्या ग्रंथाला लावली, की आपल्या ग्रंथाला लावण्यापासून कुणाला थांबवता येत नाही.

मात्र लायलच्या नजरेतून वऱ्हाडची एक बाजू सुटली. अमरावतीच्या उत्तरेला, मोर्शीच्या बाजूला, ऋद्धिपूर आहे. महानुभाव पंथाचे हे मोठे क्षेत्र. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर, तेराव्या शतकाच्या अखेरीस, म्हाइंभट नावाच्या विद्वानाने त्यांच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांचे ऐकून घेतले, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले त्यांना गाठून विचारले, आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. चौदाव्या शतकाच्या आरंभी मुसलमानी फौजांच्या धामधुमीत मूळ प्रत गेली. मग ज्यांना ते पाठ होते त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. एकाची आठवण एक सांगे, दुसऱ्याची दुसरे. महानुभावांनी हे भेद दडपले नाहीत, ‘वासना’ या नावाने ते ग्रंथातच नोंदवून ठेवले. हा पाठ हिराइसेचा, तो परशरामबासांचा, अशा नावानिशी.

गुरू गेल्यावर शिष्यांच्या स्मरणातून लिहिलेले चरित्र, साक्षींत फरक, मूळ प्रत हरवलेली. शुभवर्तमानांबद्दल युरोप ज्या प्रश्नांशी झगडत होता, ते सगळे प्रश्न अमरावती जिल्ह्यात सुमारे सहाशे वर्षांपूर्वी भक्तांनी हाताळले होते. तेही श्रद्धा न सोडता. लायलला हे कळण्याचा मार्ग नव्हता. महानुभावांचे ग्रंथ सकळ या सांकेतिक लिपीत बंदिस्त होते आणि ती कोडी विसाव्या शतकात वि. का. राजवाडे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने अशा अभ्यासकांनी सोडवली. पण ग्रंथ हाती नसला, तरी वऱ्हाडी माणसाला विचारता आले असते. लायलच्या निबंधात वऱ्हाडी माणूस दगडापुढे वाकतो, नवस बोलतो, जत्रेला जातो. तो शंका घेताना मात्र दिसत नाही. शंका घेण्याचे काम साहेबाने स्वतःकडे राखून ठेवले होते.

सणांच्या तारखा

सणाची तारीख कोण ठरवतो, हा वादही त्याच वर्षांत मराठी मुलखात पेटला होता. १८६५ पासून केरो लक्ष्मण छत्रे यांचे ‘पटवर्धनी पंचांग’ निघू लागले. जुन्या करणग्रंथांवरून मांडलेले ग्रह आणि आकाशात दिसणारे ग्रह यांत फरक पडतो आहे, असे छत्र्यांचे म्हणणे, आणि त्यांनी नव्या गणिताने पंचांग मांडले. परिणाम असा की काही वर्षी अधिक मास वेगळा पडू लागला आणि एका पंचांगाची दिवाळी दुसऱ्याच्या दिवाळीपासून महिनाभर सरकू लागली. पुढे टिळकांनी शुद्ध पंचांगाचा पुरस्कार केला. शं. बा. दीक्षितांनी १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ लिहून या सगळ्या परंपरेचा इतिहासच मांडला.

गंमत अशी की नाताळ आणि मकरसंक्रांत ही एकाच आजाराची दोन रूपे आहेत. दोन्ही सण सूर्य उत्तरेकडे वळण्याशी जोडलेले. सूर्य खरोखर वळतो २१-२२ डिसेंबरला. रोमन पंचांग वर्ष किंचित लांब धरीत असल्याने त्यांचा मानलेला दिवस आणि खरा दिवस यांत अंतर पडले, आणि सण मानलेल्या दिवसालाच चिकटून राहिला. आपली संक्रांत ताऱ्यांशी बांधलेली, आणि संपातबिंदू ताऱ्यांमधून मागे सरकत असल्याने ती सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे जाते. विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या संक्रांतीचा, त्या दिवशी तारीख होती १२ जानेवारी. आज तीच संक्रांत १४-१५ जानेवारीला येते. ईस्टरचे गणित तर आपल्याकडच्या ज्योतिष्याला घरचेच वाटावे. ३२५ सालच्या निकियाच्या धर्मसभेनंतर रूढ झालेला नियम असा, की वसंतसंपातानंतरची पौर्णिमा गाठायची आणि तिच्यापुढचा रविवार धरायचा. १५८२ मध्ये पोप ग्रेगरीने पंचांग सुधारले, पूर्वेकडच्या चर्चनी ते ईस्टरसाठी मानले नाही, आणि आजही ख्रिस्ती जगात बऱ्याच वर्षी दोन ईस्टर होतात.

स्वतंत्र भारतात हा गुंता सोडवायला मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये समिती नेमली गेली. तीत विदर्भाकडून नागपूरचे के. ल. दप्तरी होते. समितीने सुचवलेले राष्ट्रीय पंचांग २२ मार्च १९५७ पासून लागू झाले. सरकारी राजपत्रावर ते आले, पण वऱ्हाडच्या भिंतीवर काही चढले नाही.

वऱ्हाडने आपला हिशेब वेगळाच ठेवला. लायल अकोला सोडून १८७३ मध्ये कलकत्त्याला गृहसचिव म्हणून गेला. त्यानंतर पाच वर्षांनी, २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, तेव्हा अकोला जिल्ह्यात असलेल्या शेगावात गजानन महाराज लोकांना प्रथम दिसले. ते कुठले, केव्हा जन्मले, याचा निर्वाळा कुणाकडे नव्हता. लोकांनी जन्मतारीख बनवली नाही. दिसले तो दिवस धरला, आणि माघ वद्य सप्तमीला प्रकटदिन सुरू झाला. गाडगेबाबांची पुण्यतिथी २० डिसेंबरला, इंग्रजी तारखेने होते, कारण १९५६ साली त्या तारखेला ते अमरावतीजवळ वारले. तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव मोझरीला आश्विन वद्य पंचमीला, तिथीने होतो. बहिरमची जत्रा डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन जानेवारीभर चालते, हंडीतल्या मटणाला आणि रोडग्यांना नाताळच्या सुटीचा उपसर्ग होत नाही. दोन कालगणना एका जिल्ह्यात नांदतात. तिथी खरी की तारीख, असा कज्जा कुणी तहसीलदाराकडे नेत नाही.

लायल पुढे फार वर चढला. वायव्य प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला, त्याच्या काळात १८८७ मध्ये अलाहाबाद विद्यापीठ निघाले. वऱ्हाडचे निबंध १८८२ मध्ये ‘एशियाटिक स्टडीज’ या पुस्तकात एकत्र आले आणि धर्माच्या अभ्यासकांनी ते उचलून धरले. १९११ मध्ये तो वारला. शंका मात्र त्याने शेवटपर्यंत दुसऱ्याच्या तोंडून बोलायला लावली. १८७७ च्या एका कवितेत ती एका हिंदू राजाच्या तोंडी आली. तो सगळ्या देवांना कंटाळलेला आहे आणि इंग्रजांच्या देवाकडेही त्याला उत्तर मिळत नाही. पुढे वामदेव शास्त्री नावाच्या एका काल्पनिक पंडिताच्या पत्रांतूनही ती बोलली. बायबलावर संशय घ्यायला इंग्रज कमिशनरला हिंदू मुखवटा लागला, आणि ज्या वऱ्हाडी माणसांकडे पाहून तो संशय पक्का झाला, त्यांचे स्वतःचे प्रश्न त्याने ऐकून घेतले नाहीत. म्हाइंभट आणि त्याच्या मागून आलेल्या महानुभावांनी उलटे केले होते. ते उघड भक्त होते, आणि ज्याची आठवण जुळत नाही त्याचेही नाव त्यांनी लिहून ठेवले. धर्मग्रंथाची चिकित्सा कशी करावी, हे शिकायचे असेल तर अकोल्याच्या बंगल्यापेक्षा ऋद्धिपूरचा मठ जास्त शिकवतो.